रेलमोटारीचा फोटो आणि माझा धूर

ठाण्यातल्या एका जुन्या सभागृहात, जिन्याच्या वरच्या भिंतीवर, एक मोठा फोटो टांगलेला आहे. रुळावर एक जुनी गाडी उभी आहे, गाडीपुढे अकरा माणसं ओळीनं उभी आहेत आणि गाडीच्या धुराड्यातून झकास धूर निघतो आहे. हा धूर माझा आहे. त्या गाडीनं त्या दिवशी धूर सोडला नव्हता, आदल्या दिवशीही सोडला नव्हता आणि त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांतही नाही. तो मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून, एका दुपारी, शिसपेन्सिलीनं काढला. लोक अजून त्या धुराकडे बघून हळहळतात. काय ते दिवस होते, म्हणतात.

आमचा फोटो काढण्याचा धंदा होता. पाटीवर सासऱ्यांचं नाव, कॅमेऱ्यामागे आमचे हे, आणि काचेवर उमटलेलं चित्र गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत त्याचं जे काही करायचं ते माझ्याकडे. आमचा मोठा कॅमेरा सासऱ्यांच्या वेळचा, त्याची निगेटिव्ह काचेवर यायची. काचेवर बारीक पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढी जागा उजळते, आणि धारदार चाकूनं अलगद खरवडलं की तेवढी जागा काळोखते. एवढ्या दोन हत्यारांवर मी देवीचे व्रण बुजवले, टकलांवर केस उगवले, आणि स्थळांकडे पाठवायच्या फोटोंत इतके तिरळे डोळे सरळ केले की काही सासरी अजून माझ्या नावानं बोटं मोडत असतील. दुकानात मात्र मला कुणी ओळखत नसे. "फोटो फार छान काढता हं तुम्ही," असं यांना सांगून लोक जात, आणि हे "होय" म्हणत. यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे, हा यांचा एकच दोष. पण तो इतका ऐसपैस होता की दुसऱ्या दोषाला जागा उरली नव्हती.

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्याला शंभर वर्षं होत आली, तेव्हा ठाण्याच्या मंडळींच्या अंगात आलं. गाडी निघाली मुंबईहून हे खरं, पण पोचली ठाण्याला. म्हणजे खरं श्रेय ठाण्याचंच, असं एकदा ठरल्यावर समिती स्थापन व्हायला कितीसा वेळ? अकरा जणांची समिती झाली. अध्यक्ष निवृत्त वकील. उपाध्यक्ष रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे आगगाडीविषयी आपल्याला अधिक कळतं असं त्यांना वाटे, आणि वकीलसाहेबांना तर सगळ्याच विषयांतलं अधिक कळत असे. बाकीचे नऊ जण कोण काय म्हणतं ते बघून मान हलवायला होते.

समितीला दाखवायला काहीतरी जुनं हवं होतं. कल्याणच्या यार्डात, कोपऱ्यातल्या एका रुळावर, एक रेलमोटार गवतात उभी होती. नाव मोटार असलं तरी ती वाफेवर चालायची. एकाच अंगाचं प्रकरण होतं ते. एका टोकाला छोटंसं इंजिन, धुराडं, आणि त्यालाच जोडून लाकडी डबा. वेगळं इंजिन लावायला नको, आपली आपण धावणार. विजेच्या गाड्या आल्या आणि तिला कुणी विचारेना, मग तिच्यात कंदील आणि झाडू ठेवू लागले. समितीनं यार्डातल्या साहेबाला अर्ज केला. साहेब भला होता. गाडी दुरुस्त करून तीन दिवस ठाण्याला मालधक्क्याच्या रुळावर आणून ठेवतो, म्हणाला. तीन दिवसांनंतर ती लांब कुठेतरी उत्तरेकडे जायची होती, कायमची.

मग रंगाचा वाद निघाला. वकीलसाहेबांचं म्हणणं, अशा गाड्या पिवळ्या असत, त्यांच्या आजोबांनी तसं सांगितलं होतं. उपाध्यक्षांचं म्हणणं, तांबड्या असत, त्यांच्या कचेरीत तसं चित्र होतं. आजोबा विरुद्ध कचेरी असा सामना तीन आठवडे चालला. दोघं तलावपाळीवर फिरायला जात ते एकमेकांच्या उलट दिशेनं जाऊ लागले, आणि तळं गोल असल्यामुळे रोज दोनदा समोरासमोर येऊ लागले. शेवटी खाली तांबडा आणि वर पिवळा असा तोडगा निघाला. मिस्त्रींनी जुने थर खरवडून पाहिले तर तळाशी हिरवा रंग निघाला. तसं त्यांनी कळवलं. समितीनं एकमतानं ठरवलं की हिरवा चूक आहे. समितीतलं ते पहिलं एकमत.

हे मिस्त्री म्हणजे ती गाडी दुरुस्त करणारे सुतार. आम्ही त्यांना पहिल्यांदा कल्याणलाच पाहिलं. एवढी लांब गाडी फोटोत मावायची तर किती मागे उभं राहावं लागेल ते बघायला हे निघाले, आणि अंतर मोजायची दोरी धरायला मी. मिस्त्री खाडीकाठच्या एका गावचे. घरची माणसं मिठागरात राबणारी, हे एकटे रेल्वेच्या कारखान्यात शिरले आणि डबे बांधत म्हातारे झाले. नोकरी संपली होती, पण अशा गाडीची दारं बसवणारा दुसरा कुणी उरला नव्हता म्हणून साहेबानं त्यांना घरून बोलावून घेतलं होतं. अंगानं किडकिडीत, पायात काही नाही. चपला रुळापलीकडे नीट जोडून ठेवलेल्या. वार्निश केलेल्या गाडीत चपला घालून चढायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी साहेबालाही लावला होता.

मी विचारलं, "शंभर वर्षांची गाडी तुम्ही इतकी नवी कशी केलीत?"

"शंभर?" ते म्हणाले. "बाई, मी उमेदवारीला लागलो त्या साली ही गारी नवी कोरी आली. मंग मी पन शंभर वर्षांचा झालो."

हे मी नंतर वकीलसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, तपशिलात जायचं नसतं, भावना महत्त्वाची. तोवर 'शतायुषी' असं लिहिलेली पाटी रंगवून झाली होती.

बोलताना मिस्त्रींचा हात सतत गाडीवर असे. खांद्यावरचं मऊ फडकं काढायचं, दारावरून गोल फिरवायचं, लांब होऊन तिरक्या नजरेनं बघायचं, परत पुढे होऊन पुसायचं. ते एका जागी उभे राहून बोललेत असं मी पाहिलंच नाही. पण काय काम होतं ते! दाराच्या फळीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते आमच्या दुकानातल्या आरशापेक्षा बरं दिसत होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे घोटून गुळगुळीत केले, त्यामुळे घोटण्यातलं मला कळतं. मला त्यांचा हेवा वाटला.

निघताना त्यांनी यांना बाजूला घेतलं. मी दोरी गुंडाळत होते, मला ऐकू येत होतं. त्यांची बायको दोन वर्षं खाटेवर होती. विहिरीवर घसरली, कंबरेचं हाड मोडलं ते पुन्हा जुळलंच नाही.

"लगीन झाल्यापासून तिचं एकच म्हननं," मिस्त्री सांगत होते. "तुमी रोज जाता ते तिथं करता काय? मी सांगतो, दारं करतो, खिरक्या करतो. ती म्हनते, दारं-खिरक्या घराला पन असतात, त्याला एवढी वर्सं लागतात? दाखवा एकदा. आता कारखान्यात बायकांना सोरतंय कोन? ही गारी ठान्याला उभी राहनार, म्हटलं आता दाखवीन, तर हिला उठता येत नाय. मना एक फोटो पायजे. मी न गारी. दुसरं कोन नको. तिला दाखवतो."

"होईल," हे म्हणाले.

यांचं 'होईल' मी ओळखून होते. त्या महिन्यातलं ते पाचवं होतं. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, मी बरोबर मध्यभागी दिसलो पाहिजे, होईल. उपाध्यक्षांनी सांगितलं होतं, मी बरोबर मध्यभागी दिसलो पाहिजे, होईल. दोघांनीही वेगवेगळं येऊन सांगितलं होतं की फोटोत माझा रंग उठून दिसला पाहिजे, म्हणजे वाद कायमचा मिटेल. होईल, आणि पुन्हा होईल. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, फोटोत रंग येत नाही, हे तुम्ही त्यांना का सांगत नाही?" हे म्हणाले, "अगं, आत्ताच कशाला त्यांचं मन मोडायचं?" शिवाय त्या मोठ्या आकाराच्या काचा आमच्याकडे तीनच उरल्या होत्या. त्याही जुन्या जातीच्या, तांबडं पार काळं करणाऱ्या. नवा माल परदेशातून येईल तेव्हा येणार. एक काच समितीची, एक चुकलंमाकलं तर हाताशी, आणि तिसरी मिस्त्रींची. तिसऱ्या काचेच्या खोक्यावर मी स्वतः खडूनं 'मिस्त्री' असं लिहिलं, कारण माझा यांच्यावर विश्वास नव्हता.

समारंभ दुपारी चारला होता. फोटो पाचला, म्हणजे ऊन गाडीच्या अंगावर आडवं येईल, असं यांनी सांगून ठेवलं होतं. गाडी मालधक्क्याच्या रुळावर तोरणं घालून उभी होती. आधी पूजा. पूजेला सुवासिनी हवी हे समितीच्या ऐनवेळी लक्षात आलं, आणि अकरांपैकी कुणीही आपल्या बायकोला आणलेलं नव्हतं, म्हणून छत्री घेऊन उभ्या असलेल्या मला पुढे ढकललं. मी इंजिनाच्या तोंडाला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि मागे सरले. मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी ते पुसून टाकलं.

"तेल असतं त्यात," ते माझ्या कानाशी म्हणाले. "वार्निसात शिरलं की निघत नाय."

सुवासिनीनं लावलेलं कुंकू असं तिच्यादेखत पुसलेलं कुणी पाहिलं असतं तर मोठाच गहजब झाला असता. पण त्या वेळी नारळ फुटत नव्हता आणि सगळे तिकडे बघत होते. मला राग आला नाही. माझ्या ओल्या काचेवर कुणी कुंकवाचं बोट टेकलं असतं तर मी तेच केलं असतं.

मग भाषणं. अध्यक्षांनंतर उपाध्यक्षांनी दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी बोलल्यावर तिसऱ्यानं का बोलू नये? ठाण्यात व्यासपीठावर बसलेला माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय खाली उतरत नाही, आणि इथे तर अकरा होते. दोन शब्द म्हणजे किती हे कुणी कधी मोजलेलं नसतं. पाचव्या सभासदानं पहिल्या गाडीचं वर्णन तो स्वतः त्या गाडीत असल्यासारखं केलं. सातव्यानं ते खोडून काढलं. नववा गहिवरला. ऊन गाडीवरून सरकत सरकत चाकांपर्यंत आलं, मग मालधक्क्याच्या छपरामागे गेलं. हे कॅमेऱ्याशी उभे राहून घड्याळ बघत होते. मिस्त्री एका बाजूला, धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी, खांद्यावर फडकं, पाय अनवाणी. त्यांनी दाढी करून घेतली होती. हनुवटीवर कापल्याची रेघ होती.

अकरावा थांबला तेव्हा फोटोपुरता उजेड जेमतेम उरला होता. एवढी लांब गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट यायची तर आता चार आकडे मोजेपर्यंत काच उघडी ठेवावी लागणार होती. यांनी सगळ्यांना बजावलं की चार म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग उभं राहण्याचा घोळ. मध्यभागी दोघांनी यायचं होतं आणि दोघंही एकमेकांना चिकटून उभे राहायला तयार नव्हते. शेवटी बरोबर मधोमध, गाडीच्या दारासमोर, एक माणूस सहज मावेल एवढी फट सोडून एका बाजूला वकीलसाहेब आणि दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष उभे राहिले. त्यांच्या पलीकडे बाकीचे नऊ, काही इकडे काही तिकडे. मी कॅमेऱ्याशेजारी छत्री धरून. सूर्य गेला होता, पण छत्री मीट असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

यांनी भिंगाची टोपी काढली. एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या आकड्याला वकीलसाहेबांनी गंभीर दिसण्यासाठी डोळे मिटून घेतले, ते मी पाहिलं आणि तसं सांगितलं. दुसरी काच घातली. या वेळी, वकीलसाहेब पुन्हा डोळे मिटतात का ते बघायला उपाध्यक्षांनी मान वळवली. यांनी कपाळाचा घाम पुसला.

"आणखी एक घ्या," वकीलसाहेब म्हणाले.

"घ्याच," उपाध्यक्ष म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं. खोक्यावर माझ्या अक्षरात 'मिस्त्री' लिहिलेलं समोर दिसत होतं. मिस्त्रींनीही बघितलं. ते दोन पावलं पुढे आले होते, आपली वेळ आली असं वाटून.

"होईल," हे म्हणाले आणि तिसरी काच उचलली.

त्या क्षणी मला यांचा जितका राग आला तितका पुढे कधी आला नाही, आणि आमचा संसार पुष्कळ लांबला. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली आणि बाजूला झाले.

मध्यंतरी पेढे वाटून झाले होते. तिसऱ्या वेळी रुबाबात उभं राहायचं म्हणून उपाध्यक्षांनी मागे हात टेकून बघितला, मग बेत बदलला आणि हात खाली घेतला. दाराच्या त्या चकचकीत फळीवर, बरोबर फटीच्या जागी, तुपकट पंजा उमटला. यांनी भिंगाची टोपी काढली. "एक," म्हणाले, आणि मिस्त्रींनी तो पंजा पाहिला.

ते आले. दबक्या पावलांनी, कुणाला धक्का न लावता, मागच्या बाजूनं त्या फटीत जाऊन दाराला बाजू देऊन उभे राहिले, पावलं कॅमेऱ्याकडे, खांद्यावरचं फडकं काढलं आणि पुसू लागले. गोल गोल, मग लांब होऊन तिरकं बघायचं, परत पुढे. अकरा जण श्वास कोंडून समोर बघत होते, त्यांना कळलं नाही. यांचं लक्ष घड्याळाकडे. मी ओरडले असते तर अकरा माना एकदम वळल्या असत्या आणि चौथी काच नव्हती. मी छत्रीची मूठ आवळून उभी राहिले. चार म्हणून यांनी टोपी लावली तेव्हा फळी स्वच्छ झाली होती आणि मिस्त्री आपल्या जागी परत निघाले होते.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघर अंधारं करून मी काचा धुतल्या. पहिलीत अध्यक्ष झोपलेले. दुसरीत उपाध्यक्ष पाळत ठेवणारे. तिसरीत अकराच्या अकरा जण ठसठशीत, नाकीडोळी नीटस. आणि मध्यभागी, त्या फटीत, पांढुरका लोळ. मिस्त्रींचा सदरा, हात, फडकं, तोंड, सगळं हलून हलून एकात एक मिसळलं होतं. फक्त पाय जागचे हलले नव्हते. ते तेवढे खणखणीत आले होते, बोटं न् बोटं मोजून घ्यावीत असे. रंगाचं म्हणाल तर तांबडा काळा आला होता आणि पिवळाही जवळजवळ काळाच.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष कच्चा फोटो बघायला दुकानात आले. मी पडद्यामागे होते. दोघांनी आधी आपापला चेहरा बघितला आणि दोघंही खूश झाले. आपापला रंग शोधला, तो कुणालाच सापडला नाही. मग वकीलसाहेबांनी मध्यभागी बोट ठेवलं.

"धूर धुराड्यातून यायला हवा. हा मधूनच कुठून येतोय?"

"बरोबर आहे," उपाध्यक्ष म्हणाले. समितीतलं हे दुसरं एकमत. "हा पुसा आणि वर धुराड्यातून सोडा. गाडी चालू वाटली पाहिजे."

"होईल," हे म्हणाले.

मला राहवेना. मी पडदा सारून बाहेर आले. "तो धूर नाही," मी म्हटलं. "ते मिस्त्री आहेत. गाडी पुसताहेत."

वकीलसाहेबांनी चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा बघितलं. मला वाटलं, आता ओशाळतील.

"मग तर पुसायलाच हवेत," ते म्हणाले. "ते समितीत नाहीत."

काचेला हात लावण्याआधी मी तिचा एक फोटो जसाच्या तसा छापला. तो पिशवीत घातला, यांना म्हटलं, "चला, आता तिथे होईल म्हणून दाखवा," आणि आम्ही कल्याणला उतरून टांग्यानं मिस्त्रींच्या गावी गेलो. वाटेत हे दोनदा म्हणाले की आपण पुन्हा कधीतरी त्यांचा वेगळा फोटो काढू. गाडी त्याच सकाळी उत्तरेकडे गेली होती. मी टांग्याचा घोडा बघत बसले.

घर छोटं, सारवलेलं. दारापाशीच खाट. मिस्त्रींची बायको उशीला टेकून बसली होती, कपाळभर कुंकू, बारीक, करारी तोंडाची. मिस्त्री पडवीत काहीतरी तासत होते. आम्हाला बघून उठले, पण आत आले नाहीत.

"काकी," मी म्हटलं, "फोटो नीट आला नाही. मिस्त्री हलले. आमचीच चूक आहे." आमची म्हणताना मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घातली.

तिनं फोटो दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"ही मानसं कोन?"

"समितीची," हे म्हणाले.

"गारी त्यांनी केली?"

"नाही, गाडी मिस्त्रींनी केली."

"मंग ही पुढं कशाला उभी हायेत?"

यांना इथे होईल म्हणून भागण्यासारखं नव्हतं.

तिचं बोट फोटोवरून सरकत मधोमध आलं आणि थांबलं. "ह्ये तुमी," ती पडवीकडे बघून म्हणाली.

"त्यात मी नाय," मिस्त्री तिकडूनच म्हणाले. "धूर झालाय नुसता."

"पाय तुमचंच. आंगठ्याचं नख काळं हाय बगा. ह्यो खांद्याचा फरका. आनि तुमी पुसताव. पंजा परलेला कोनाचा तरी, व्हय ना?"

मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. हातात रंधा तसाच. "एवढी वर्सं बगाची होती तुला," ते म्हणाले. "एक जागी उभा राहलो असतो चार आकडे, तर नीट दिसलो असतो."

"तुमी उभे कशे राहता ते मना नव्हतं बगाचं," ती म्हणाली. "काय करता ते बगाचं होतं. बगलं."

तिनं फोटो पालथा करून छातीवर ठेवला, जसं झोपलेल्या नातवंडाला ठेवतात. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्या बाईनं इतकी वर्षं तो एक प्रश्न धरून ठेवला होता. मी न्हाणीघराचं दार लावून दिवसभर आत काय करते, असं मला माझ्या माहेरी किंवा सासरी अद्याप एकानंही विचारलं नव्हतं. परतताना टांग्यात हे हळूच म्हणाले, "तू ते डोळे सरळ करतेस ते नेमकं कसं करतेस गं?" मी म्हटलं, "दाखवीन." राग पुरता गेला नव्हता, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काच खिडकीशी धरली आणि चाकू घेतला. समितीचं काम होतं, करणं भाग होतं. सदरा गेला, हात गेले, टोपी गेली, फडकं गेलं. त्यांच्यामागे फळी काळी, चकचकीत उमटत आली, ती त्यांनी पुसली तशीच. चाकू खाली खाली येत घोट्यांपर्यंत पोचला आणि तिथे मी तो खाली ठेवला. मग पेन्सिल घेतली आणि वकीलसाहेबांना धुराड्यातून हवा तेवढा धूर दिला. जरा जास्तच दिला. सगळ्यांची नजर वर लागावी एवढा.

तसंच झालं. फोटोखाली अकरा नावांची पट्टी आहे, आणि मध्यभागी नेमकं कोण यावर दोन्ही घरांची नातवंडं अजून हुज्जत घालतात. समारंभ असला की मीही जाते, कठड्याला धरून जिना चढते. लोक मान वर करून धूर बघतात. मी खाली बघते. अकरा माणसं आहेत आणि चोवीस पाय. बावीस पायांत बूट आहेत, नाहीतर चपला. मधोमधचे दोन अनवाणी आहेत, आणि एका अंगठ्याचं नख काळं आहे.